समास सोडून

गुरुजी म्हणायचे, समास सोडा पोरींनो,
चार बोटं.
ती जागा तुमची नाही.
तिथं लाल शाई येईल.

पुढं बावीस वर्षं परभणीच्या एका दैनिकात
मी त्याच चार बोटांत नांदले.
वेलांटी पहिली, उकार दुसरा,
टिंब खाली पडलं तर उचलून डोक्यावर.
छापखाना बंद झाला त्या रात्री
शेवटचं प्रूफ एका निधनवार्तेचं होतं.
तेही नीट केलं.

आता सेलूत, माहेरच्या गल्लीत,
भाचीनं बनवलेलं एक एक्स्टेन्शन सांभाळते.
ब्राउझरला जोडायचं, बस.
मग कुठल्याही वेबसाइटच्या उजव्या अंगाला
चार बोटं जागा उघडते.
ज्यांनी कधी कुणाला बोलायला जागा ठेवली नाही
त्यांच्याही.

पहिलंच पान नगरपरिषदेचं:
पाणीपुरवठा, वेळापत्रक.
प्रभाग सात, मंगळवार, सकाळी सहा ते साडेसात.
खाली सही नाही, दिलेला फोन लागत नाही,
कोपऱ्यात एक हसरा नळ.

कडेला पहिली ओळ उमटली:
"कोणता मंगळवार?"
मग रांगच लागली.
"आमच्याकडं नवव्या दिशी आलं, तेबी गढूळ."
"पानी पहाटं तीनला सोडत्यात. झोपावं का जागावं?"
"मोटर लावणाऱ्यायला कुणी काई म्हणत नाही, कामून?"

'पानी' दिसलं की बोट शिवशिवतं.
पण मला दोनच बटणं आहेत, ठेवा आणि काढा.
'न'चा 'ण' करायचं बटण
मनस्वीनं दिलेलंच नाही.
म्हणाली, राहू दे आत्या,
त्यांच्या नळाला तसंच येतं.

शिव्या काढते.
जात काढणारं काढून टाकते.
एकानं मुख्याधिकाऱ्याच्या आईवर लिहिलं, काढलं.
अर्ध्या तासानं त्यानंच पुन्हा:
"बरं. आई सोडून. टाकी धुतली कवा?"
ते ठेवलं.

नगरपरिषदेला यातलं काहीच दिसत नाही.
त्यांच्या पानावर नळ हसतोच आहे.
ज्यानं हे जोडलंय त्यालाच कडेची गर्दी दिसते.
गावात असे एकशे तेरा.

परवा रात्री सव्वा बाराला आलं:
"दिगांबर मोकाटे चावी आधी बंगल्यायकडं फिरवतो.
माझ्या डोळ्यानं बघितलंय."

दिगांबर माझा धाकटा भाऊ. मनस्वीचा बाप.
भिंतीपलीकडं घोरत होता.

नियम मीच लिहिलाय: नाव घेऊन आरोप नको.
बोट 'काढा'वर नेलं.
अगदी नियमाप्रमाणंच काढणार होते,
म्हणून तर लाज वाटली.

ना ठेवलं ना काढलं, अडवून धरलं.
लिहिणाऱ्याला कळवलं, नाव वगळून पाठवा.
त्यानं नावाच्या जागी लिहिलं, 'चावीवाला'.
बाकी अक्षर हललं नाही.
ठेवलं.

सकाळी चहाला मी काही बोलले नाही.
मनस्वी बोलली असेल.
दुसऱ्या रात्री कडेला एक नवं खातं,
फोटोच्या जागी काहीच नाही,
आणि दीड ओळ:
"चावी माज्याकडं आसती. हूकूम वरून येतो.
ईचारा त्यानला."

तीनदा वाचलं.
दुरुस्त काय करावं सुचेना.
'ठेवा' दाबलं.
भिंतीपलीकडं त्याचा फोन टुणकन वाजला.
मग खोकला.
मग बराच वेळ काहीच नाही.

पावणेतीनला फाटक करकरलं.
सायकलीच्या दांड्याला चावी बांधताना
लोखंडावर लोखंड आपटतं, तो आवाज.
मी वेळापत्रक उघडून बघितलं.
आज कुणाचाच वार नव्हता.